पडद्यावरची समई

आई गेल्यानंतर आमच्या घरात एकच गोष्ट धापा टाकत राहिली, ती म्हणजे माझा कॉम्प्युटर. मी घरांची त्रिमिती चित्रं करून पोट भरते आणि ते काम सगळं ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर चालतं. मे महिना, झाशीचं ऊन, आणि एकही फाइल उघडलेली नसताना कार्डावरचा भार नव्वद टक्क्यांच्या वर. पंखा नुसता घोंघावत होता. कार्ड जळालं असतं तर माझं काम बसलं असतं.

सीपरी बाजारातल्या दुकानदाराला फोन केला. "वायरस होगा दीदी, फॉर्मेट मार देते हैं." कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर आमच्याकडे हे एकच औषध. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं मनात म्हणत मी फोन ठेवला. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, व्हायरस शोधला, पेटीतली धूळ झटकली. कार्ड कोण खातंय त्या यादीत माझ्याच चित्रांच्या सॉफ्टवेअरचं नाव यायचं. बंद केलं तरी ते पुन्हा हजर.

शेवटी वैतागून एकेक वायर उपटायला लागले. एक लांब वायर दारावरून आईच्या खोलीत गेली होती. ती काढली आणि पंखा गप्प झाला. तेव्हा सगळं आठवलं.

शेवटच्या महिन्यांत आईच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन असायचं. इथे काडीसुद्धा ओढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तिन्हीसांजेला समई लावल्याशिवाय आई आयुष्यात कधी राहिली नव्हती. तिची तगमग बघवेना, म्हणून पलंगासमोर जुना मॉनिटर ठेवून मी त्यावर आमच्याच समईचं चित्र लावलं. ती म्हणाली, "ही ज्योत मेलेली आहे. हिला वारा लागत नाही."

मग मी हट्टाने अशी ज्योत केली, की जिचं थरथरणं कॉम्प्युटर क्षणाक्षणाला नव्याने रचेल. त्यात कार्डाचा जीव जातो. तो मॉनिटर जोडलेला असेपर्यंत ज्योत बंद पडली किंवा लाइट जाऊन आली, तरी ती आपोआप लागावी, अशी सोयही केली. आईने पडद्याला हात जोडले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

ती गेल्यावर मी मॉनिटरचं बटण दाबलं आणि काम संपलं असं समजले. पडदा काळा झाला होता, पण ज्योत माझ्या कार्डावर तेवतच होती.

वायर गुंडाळून मी कपाटात ठेवली. तिन्हीसांजेला बाबा आईच्या खोलीत गेले. ते रोजच जायचे. मला वाटायचं, खिडक्या लावायला जातात. जरा वेळाने ते दारात येऊन उभे राहिले.

"तिकडची लाइट गेली का गं?"

म्हणजे रोज ते पडदा सुरू करून समोर बसायचे आणि उठताना बंद करायचे. मला एका शब्दाने बोलले नव्हते.

मी म्हटलं, "बाबा, आता खरीच समई लावू या की. मशीन तर परत गेलं."

"हो. मशीन परत गेलं," ते म्हणाले आणि जायला वळले. मग म्हणाले, "राहू दे बेटा. तुझं काम आधी."

माझ्या बोलण्याचा मलाच राग आला. आई गेली तेव्हा दहा दिवसांचा दिवा आत्याने बाहेरच्या खोलीत ठेवला होता, आणि बाबा त्याच्याकडे बघायचंही टाळत होते. ते का, हे मला आत्ता कळलं. या घरात खरा दिवा लागू शकतो याचा अर्थ एकच होता, आणि तो त्यांना सोसवत नव्हता.

मी वायर पुन्हा जोडली. ज्योतीचं हलणं कमी केलं, तसं कार्ड निम्म्यावर उतरलं. बाबा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले, मी दाराशी उभी राहिले. ज्योत थांबत थांबत हलत होती.

"आज अडखळतेय ही," बाबा म्हणाले.

"कार्डाला झेपत नव्हतं, बाबा."

"तिलाही झेपत नव्हतं," ते म्हणाले. "आपणच सोडत नव्हतो."

मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "समई माळ्यावर आहे. चिंच लावून घासावी लागेल."