माणच्या मुलीसाठी साखळी प्रार्थना

मी हे लिहायला बसलो, याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला. वडील मिरजेतल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय आहेत. विश्वासाबद्दल बोलायचं ते वयानं आणि अनुभवानं मोठ्या माणसांनी, असं मला अजूनही वाटतं. पण जे पाहिलं ते मनातून जात नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आठवी ते बारावीच्या मुलांचा संघ पाळकसाहेबांनी माझ्याकडे सोपवला, तो मी सांगलीला कॉलेजात जातो एवढ्याच कारणानं. मी मोबाइलवर बघून सगळं शिकलो. प्रोजेक्टरचा पडदा लावला, प्रश्नमंजूषा घेतली, बक्षिसं ठेवली. मुलं मात्र दर रविवारी कमीच होत गेली. नववीतली एक मुलगी, तिची आई नर्स, दारातूनच विचारायची, "दादा, आज पण पडदा हाय का? मग मी जरा उशिरा येते."

शेवटी काहीच सुचेना, तेव्हा मी त्यांना वडिलांच्या दवाखान्यातल्या वॉर्डात गाणी म्हणायला नेलं. उपासनेनंतर पेशंटांसाठी गाणी म्हणायची, ही आमच्या मोठ्यांची जुनी पद्धत. तिथं कोपऱ्यातल्या खाटेवर माण तालुक्यातली एक मुलगी होती, आमच्या मुलांच्याच वयाची. जन्मापासून हृदयाला भोक. घरची मेंढरं, पण चार पावलं चढली की ओठ निळे पडायचे. त्या आठवड्यात ऑपरेशन होतं. तिची आई आमच्याकडे बघत म्हणाली, "म्हणा की रं गाणी. पण हळू म्हणा."

गाणं झाल्यावर नर्सच्या मुलीनं विचारलं, "मावशी, हिच्यासाठी प्रार्थना केली तर चालंल?"

"चालंल की. आमचा बिरोबा हाय, तुमचा बी देव असू द्या. दोघं मिळून बघत्याली."

मुलं हसली. ती आजारी मुलगीही हसली आणि लगेच तिला धाप लागली. मग कुणी हसलं नाही.

बाहेर आल्यावर मुलांनीच साखळी प्रार्थना ठरवली. म्हणजे एकानं अर्धा तास प्रार्थना करायची, तो संपताच दुसऱ्यानं आपापल्या जागी सुरू करायची. हेही मोठ्यांचंच. मला वाटलं, शाळा, क्लास, मोबाइल यांत हे कुठलं टिकतंय. ऑपरेशनच्या दिवशी मुलीला ताप आला आणि ते पुढं ढकललं गेलं. मी निरोप दिला तर उत्तर आलं, "मग चालू ठेवतो."

दुसऱ्या संध्याकाळी मी मैदानावरून चाललो होतो. आमचा दहावीतला एक मुलगा, संघात सगळ्यात दंगेखोर, कठड्यावर डोळे मिटून बसला होता. पोरं ओरडत होती, "बॅटिंग आली रं तुझी! झोपलास व्हय?" त्यानं डोळे न उघडता नुसता हात वर केला, थांबा म्हणून. पोरांनी शिव्या घातल्या, पुढच्याला पाठवलं. हा हलला नाही. मी लांबच थांबलो. जवळ जायचं धाडस झालं नाही. इतक्या रविवारी मी याला काय शिकवायला निघालो होतो, ते मला आठवेना.

ऑपरेशन झालं. पण खरा फरक काही महिन्यांनी, ती चढ चढेल तेव्हाच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. ते लोक गावी गेले. घरातला फोन एकच, तो मुंबईला कामाला असलेल्या बापाकडे, आणि तो लागेना.

दर रविवारी मुलं तोच विषय पहिला घेत. असे बरेच रविवार गेल्यावर मी भीत भीत म्हणालो, "आपण आता देवाची उपकारस्तुती करून हा विषय मिटवू या का?"

"उत्तर आल्याशिवाय कसा मिटवायचा, दादा?" नर्सची मुलगी म्हणाली.

"आणि उत्तर वाईट असलं तर?"

मग तो दंगेखोर मुलगा म्हणाला, "तसं बी कळाय पायजे की. निदान रडता तरी येईल."

पडदा केव्हा गुंडाळून ठेवला, आठवत नाही. बसायला सतरंजी पुरेनाशी झाली होती. नवीन आलेली मुलं आधी विचारायची, "त्या मुलीचं काय झालं?" आणि कळलं नाही म्हटल्यावर पुढच्या रविवारी परत यायची. तिला न पाहिलेली मुलं तिच्यासाठी प्रार्थना करताना मी ऐकत बसे. माझी पाळी आली की मी त्यांचेच शब्द पुन्हा म्हणे.

गेल्या महिन्यात प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो तर वडिलांचा फोन आला. त्या मुलीचा चुलता स्वतःचं दुखणं दाखवायला दवाखान्यात आला होता.

"पोरगी मेंढरामागं डोंगर चढती म्हणं," वडील म्हणाले. "वर जाऊन खालच्यांस्नी हाका मारती. धाप न्हाई, काय न्हाई. तुझ्या पोरांस्नी सांग."