दादांची मिशी आणि माझा तिसरा अंक

अहो, माझ्या पहिल्या मोठ्या कामाची गोष्ट ऐकाच! मी ठाकूरद्वारची, फोर्टात टायपिस्ट. वाडीच्या गणपतीतल्या नाटकात दोनदा काम केलेलं, तेवढ्यावर लालबागच्या एका गिरणी कामगार मंडळाने मला थेट नायिका केलं! तोवर त्यांची नायिका म्हणजे मागावर काम करणारे एक दादा. बारा वर्षं! नऊवारी नेसून असे चालायचे म्हणे, की बायका घरी जाऊन तसं चालून बघायच्या. मी आले, दादा सुटले, आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा मिशी ठेवली.

प्रयोगाआधी त्यांच्या बायकोने मला पडद्यामागे गाठलं. "बाय गो, नीट कर हां. लग्नातपण ह्यांका मिशी नव्हती. नवरा कोण नि करवली कोण, लोकांका कळाक नाय. तू पडलंस तर परत ह्यांची मिशी जातली!"

खरंच होतं ते. मंडळाच्या सेक्रेटरींनी सांगूनच ठेवलेलं, आज ही चालली तर ठीक, नाहीतर वरळीच्या प्रयोगाला दादा.

आणि नेमका आमचा प्रॉम्प्टर संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आत गेलेला! मंडळाला केवढा अभिमान, आणि मी आपली वाक्यं घोकत बसलेली. त्याच्या जागी विंगेत कोण? दादा. नाटक त्यांना तोंडपाठ ना.

दोन अंक बरे गेले. तिसऱ्यात दारुडा नवरा मंगळसूत्र मागतो आणि मी कडाडते. मी तोंड उघडलं आणि काहीच नाही! टाइपरायटरमध्ये कागदच घातला नाही तशी. विंगेतून वाक्य आलं. पण कुजबुजत कसलं? दादांनी ते अख्खं म्हटलं, त्यांच्या त्या नायिकेच्या आवाजात, शेवटच्या हुंदक्यासकट!

पब्लिक उठलंच. "आली रे आली! आमची आली!" शिट्ट्यांवर शिट्ट्या. नवरा झालेला तर सवयीने विंगेकडे वळून म्हणतो, "काय बोललीस?"

माझं डोकंच फिरलं. विंगेकडे हात करून ओरडले, "गप्प बसा! बारा वर्षं तुम्हीच बोललात. आज मी बोलणार!"

नवरा मधेच उभा, त्याला वाटलं, त्यालाच. घाबरून दोन पावलं मागे सरला. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "बोल गो, बोल! सोडू नको मेल्याला!" मग काय, वाक्यं अशी सुटली की पुढच्या प्रवेशातलीपण तिथेच बोलून टाकली.

पडदा पडला. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "वरळीला हीच." दादांच्या बायकोने मला अशी मिठी मारली की गजरा चुरगळला.

मग दादा आले. म्हटलं, आता खाल्ल्या शिव्या.

"ओरडलीस झकास," ते म्हणाले. "पण लुगडं नेसवतं कोण तुला?"

"आई."

"सांग तिला, काष्टा ढिला असतो. उद्या सहाला ये, मी दाखवतो."

आईला अजून सांगितलेलं नाही.