काचघरातली सुचिता

सिंधूताईचा नवरा माणिकराव बुलढाण्यात इंग्रजांच्या काळातल्या काचघराचा माळी. बीबी गावाले घरी येणार फक्त रविवारी, बाकी दिवस फोनवर एकच, "सुचिताले ऊन सोसत नाही. सुचिता आज लय खुश हाय."

सुचिता कोण, हे सिंधूताईनं विचारलंच नाही. नुसती जळत राह्यली अन् एक दिवस एसटीत बसून थेट काचघरात घुसली. माणिकराव ओल्या फडक्यानं एका फर्नची पानं पुसून राह्यला होता.

"कुठी हाय तुमची सुचिता?"

"अवं, हे काय! सगळ्या झाडायले मीच नावं देल्ली."

झाड निघालं म्हणून जीव थंड व्हावा, तर तिचा अजूनच जळला. एवढ्या हलक्या हातानं यानं तिच्या कपाळाचा घाम कधी पुसला होता?

"माह्या नावाचं कोणतं?"

माणिकराव खाली पाहाले लागला. "होतं. वाळलं."

जाताना तिनं बागेतून निवडुंगाचं एक पिल्लू मागून नेलं. आता ते बीबीच्या अंगणात तेलाच्या डब्यात हाय, अन् त्याचं नाव माणिकराव. शेजारणीनं विचारलं, "काऊन वं, याले पाणी नाही टाकत?"

"नाही लागत," सिंधूताई म्हणते. "हा फोनवरच जगते."