पिक्चर मला आवडला, बोला

तो पिक्चर मला आवडला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा निकाल शनिवारीच लागला होता. ‘डोळे दुखले.’ ‘गोष्टच नाही.’ ‘एवढ्या दिव्यांचं लाईटबिल कोण भरतं?’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर परीक्षेतल्या निबंधाएवढं मत लिहिलं होतं, आणि ते स्वतः मध्यंतरातच उठून घरी आले होते. मी रविवारी जायचं म्हटलं तर मुलगा म्हणाला, "आई, नको ना. सगळे बोलतायत वाट लागलीय पिक्चरची."

नवऱ्याला विचारलं, तर ते पेपरातून वर न बघता म्हणाले, "तू जा." म्हणून मी एकटी गेले. मॉलमध्ये एकट्या बाईने पिक्चरला जाणं म्हणजे काही शौर्य नाही, पण आमच्याकडे ते कुणी केलेलं नव्हतं. मी भांडुपच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, दिवसभर लोकांची पोटं आणि खोकले ऐकते. रविवारी मला काहीतरी सुंदर बघायचं होतं, बस.

आणि होताच तो सुंदर. नायिका कपडे रंगवणारी. तिच्या गच्चीवर दोऱ्या बांधलेल्या, त्यांच्यावर लांबच लांब कापडं वाळत घातलेली, आणि दर गाण्याला त्यांचा रंग वेगळा. समोर घड्याळाचा मनोरा, त्यात नायक राहतो. हे गाव कुठलं, वर्ष कुठलं, काही कळत नाही. दोघं एकमेकांशी धड बोलतही नाहीत, सगळं गाण्यातून. तो तिच्यासाठी गातो, ती कापडाआडून ऐकते. शेवटी तो गाव सोडून निघतो तेव्हा ती एवढा मोठा जिना उतरते, की एक अख्खं गाणं संपतं तरी जिना संपत नाही.

तेव्हाच माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "लिफ्ट नाही काय रे?" सगळं थिएटर हसलं. मी रडत होते. रडता रडता मागे वळून म्हटलं, "तुला घाई असेल तर तू उतर ना खाली!" त्यावर थिएटर आणखी हसलं. मी पदराने नाक पुसलं आणि पुढे बघत राहिले.

बाहेर आले तर दाराशी एक मुलगी माईक घेऊन उभी. हल्ली असतातच हे लोक. पिक्चर सुटला की ‘पब्लिक’ला विचारतात आणि मोबाईलवर टाकतात. माझ्या आधी तिने चार-पाच जणांना विचारलं होतं आणि प्रत्येकाने थट्टा केली होती. एक जण म्हणाला, इतकं कोण गातं यार खऱ्या आयुष्यात? ते माझ्या कानावर पडलं आणि डोकंच फिरलं. मुलीने माईक माझ्यापुढे धरला, "आंटी, कैसी लगी पिक्चर?" मी माझ्या मुलुंडच्या हिंदीत जे बोलले ते जसंच्या तसं देते, कारण ते आता सगळ्यांनी ऐकलेलंच आहे.

"मेरे को तो बहुत अच्छी लगी. सब बोलते हैं इतना कौन गाता है. मेरा मिस्टर गाता है! आधा मुलुंड सुनता है. भगवान के लिए गाता है, गाँव के लिए गाता है. मेरे लिए इतने साल में एक लाइन नहीं गाया. तो मैं तीन घंटा बैठ के देखेगी कोई किसी के लिए गा रहा है. तुम लोग का क्या जाता है?"

डोळे लाल, नाक लाल, केस विस्कटलेले, आवाज चढलेला. रात्रीपर्यंत ते सगळीकडे पोचलं.

माझे मिस्टर भजनी बुवा आहेत, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही मूळचे मालवणकडचे. सासरे गिरणीत होते, हे मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर होते, तो बंद पडला, आता निवृत्त. पण कामावर असताना काय आणि आता काय, यांची खरी ओळख म्हणजे बुवा. दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असतं. पेटीवर हे, मागे पखवाज, टाळकरी. गणपतीत तर यांना गावाहून बोलावणं येतं. आवाज असा, की वरच्या पट्टीला गेला की रस्त्यावरचा रिक्षावाला इंजिन बंद करून ऐकतो. तोच माणूस घरात आला की मुका. "चहा." "मीठ कमी." "पंखा लाव." संपलं. माणूस वाईट नाही, हेही सांगते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डातल्या स्टुलावर बसून राहिले, घरी जा म्हटलं तरी हलले नाहीत. पण तिथेही बोलले काय, तर "पाणी हवंय?"

सोमवारी दवाखान्यात पहिल्याच पेशंटने विचारलं, "त्या व्हिडिओतल्या तुम्हीच ना?" मी म्हटलं, "हो, आणि तुमचा नंबर चौथा आहे, बसा." दिवसभर तेच. कुणी हसत होतं, कुणी पिक्चरबद्दल स्वतःचं मत सांगत होतं. एक बाई मात्र जाताना काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "बरं केलंत बोललात ते." तिचं पुढे काही ऐकायच्या आत तिचा नवरा आला आणि ती गप्प झाली. मला काही वाटत नव्हतं. हसतील त्यांचे दात दिसतील. माझ्या रडक्या तोंडाचा फोटो टाकून त्याखाली कुणी काहीबाही लिहिलं, मुलाने मान खाली घालून ते दाखवलं, तेही मी बघून सोडून दिलं.

झोंबलं ते शनिवारी. संध्याकाळी यांनी नेसायला धोतर काढलं नाही, टाळांची पिशवी उचलली नाही, टीव्हीपुढे बसून राहिले. मी विचारलं, "भजन?" म्हणाले, "बरं नाय वाटत." ताप नव्हता, मी हात लावून बघितला. नंतर शेजारच्या टाळकऱ्याकडून कळलं की आठवडाभर मंडळातले लोक यांना छळत होते. बुवा, आज घरी गाऊन आलात का? बुवा, वहिनींची फर्माईश काय? कुणीतरी म्हणालं, दिव्याखाली अंधार, आणि सगळे हसले. उभ्या आयुष्यात या माणसाने भजन चुकवलं नव्हतं. सासरे गेले त्या महिन्यातसुद्धा मागे बसून टाळ धरला होता.

तेव्हा माझा जीव गलबलला, खोटं का बोलू. मी त्यांच्यावर सूड उगवायला बोलले नव्हते. मी पिक्चरबद्दल बोलले होते.

दुसऱ्या दिवशी मोठी नणंद आली. दारातूनच सुरू, "काय शोभा केलंस गो माझ्या भावाची! बुवा म्हणून लोक पाया पडतत त्याच्या!" मी चहा टाकला. मुलाने तोवर सगळी व्यवस्था केलेली होती. त्या माईकवाल्या मुलीला त्याने मेसेज केला होता, ती चांगली निघाली, म्हणाली आंटींनी स्वतः सांगितलं तर व्हिडिओ लगेच काढते. मुलगा फोन हातात घेऊन माझ्यासमोर बसला. "आई, फक्त एकदा बोल की काढ. पाच सेकंदांचं काम आहे. आणि वाटलं तर एक छोटा व्हिडिओ टाकू, तू बोल की मी मस्करी करत होते. बाबा परत भजनाला जातील."

नणंद म्हणाली, "आणि बाई गो, पिक्चर तरी कसलो! माझ्या सुनेन सांगल्यान, नुसती कापडा वाळत घातलेली."

हे कोपऱ्यात बसलेले, खिडकीकडे तोंड करून. मी त्यांच्या पाठीकडे बघितलं. खरं सांगते, त्या वेळी ‘काढ’ म्हणायला ओठ उघडले होते. एक शब्द, की हा माणूस पुन्हा पेटीवर बसणार होता. पण मुलगा पुढे म्हणाला, "मस्करी केली एवढंच बोल." आणि मला त्या थिएटरातली माणसं आठवली. जरा कुणी मनातलं मोठ्याने म्हटलं की यांना हसू येतं, आणि हसू आलं की समोरच्याने मस्करी होती म्हणायचं. क्रिकेटची मॅच हरली की हीच माणसं तोंड झाकून रडतात, ते खरं. बाई जिना उतरताना रडली तर ती ओव्हरॲक्टिंग. मी मस्करी केलेली नव्हती. एवढ्या वर्षांत मी बोललेली ती सगळ्यात खरी गोष्ट होती, आणि ती मी परत घेतली तर माझ्याकडे स्वतःचं असं काय उरणार होतं?

मुलाने फोन लावून स्पीकरवर टाकला. मुलगी म्हणाली, "हाँ आंटी, बोलो, हटा दूँ?"

मी म्हटलं, "नहीं बेटा. रहने दो. मैं सच बोली थी."

नणंद चहा तसाच टाकून गेली. मुलगा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. हे तर आधीपासूनच कामापुरतं बोलत होते, त्यामुळे फरक कळायला वेळ लागला. फरक एवढाच होता की आता "मीठ कमी"सुद्धा म्हणत नव्हते. मी मुद्दाम एकदा मीठ घातलंच नाही. मुकाट्याने जेवले.

बुधवारी मी दवाखान्यातून आले तर हे घरी नाहीत. मुलाला माहीत नाही, शेजारी माहीत नाही. फोन घरीच. माझ्या मनात नको नको ते आलं. देवळात बघून आले, तलावाच्या बाकावर बघून आले. साडेसात वाजता हे आले, चपला काढल्या, हातपाय धुतले. मी ओरडायला तोंड उघडलं, तर खिशातून रुमाल काढताना तिकीट खाली पडलं. त्याच पिक्चरचं होतं.

मी पान वाढलं. बांगड्याचं तिखलं होतं. यांच्या आत काही ढवळलं की बोली बदलते, हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक झालंय. भात कालवता कालवता म्हणाले, "माका नाय आवडलो."

मी म्हटलं, "काय नाही आवडलं?"

"लांब खूप. आणि पट्टी चुकता त्याची, दुसऱ्या गाण्यात." मग घास तसाच हातात धरून, मला ऐकताना नवल वाटेल इतकं सलग बोलले. "तो मेलो तीन तास गायलो तिच्यासाठी. नि शेवटाक? गेलो निघान. ती बिचारी जिनो उतरता, उतरता, तरी ह्याचो पत्तो नाय. अरे, इतक्या गातंस तर रव ना! मी नाय गायलंय. पण मी खंय गेलंय? हयसरच आसंय."

एवढं गातोस तर राहा ना, म्हणाले. मी इथेच आहे. कुठे गेलो मी?

नणंद असती तर तिने डोळ्यांना पदर लावला असता. मुलगा असता तर म्हणाला असता, बघ आई, अजून काय हवंय तुला? खरं होतं ते. कारखाना बंद पडला तेव्हा होते, ऑपरेशनला होते, कुठे गेले नव्हते. पण मी गप्प बसले नाही. असं काही सुंदर ऐकलं की बायका गप्प बसतात आणि मग पुढची सगळी वर्षं गप्पच जातात, हे मी बघितलेलं आहे.

मी म्हटलं, "अहो, राहिलात ते मला कळतं. पण राहून गायला असतात तर काय बिघडलं असतं? दोन्ही करता येतं की. एक केलं म्हणून दुसरं माफ होतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

घास हातातच राहिला. दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात समोरच्याने गाण्यातून प्रश्न टाकला की हे असेच थांबतात, उत्तर शोधत. मग म्हणाले, "ता खरा."

"मग गा."

"आता? जेवताना?"

"आता. मी ऐकते."

ते हसले. अगदी लाजून, मान खाली घालून हसले, जसं मी लग्नातही बघितलं नव्हतं. आणि हात भातात घालून जेवायला लागले. गायले नाहीत.

शनिवारी टाळांची पिशवी घेऊन भजनाला गेले. व्हिडिओ होता तिथेच होता. टाळकऱ्याने सांगितलं, कुणीतरी पुन्हा विचारलं, बुवा, घरी गायलात का? यांनी पेटीचा भाता सोडला आणि म्हणाले, "नाय अजून. माझी चूक आसा ती. चला, गजर धरा."

घरात अजून गायलेले नाहीत. मी विचारायचं सोडलेलं नाही.