फोडलेला कांदा

बुक्कीनं फोडलेल्या कांद्याचा वास आला की मला कन्नडचा आठवडी बाजार आठवतो. प्रथमोपचाराचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि आम्ही चार स्वयंसेवक शहरातून जाऊन तिथं टेबल टाकून बसलो होतो. भर दुपारी मिरचीच्या ढिगांजवळ एक माणूस फिट येऊन कोसळला. मी धावले खरी, पण तोवर माझा सगळा सराव रबरी पुतळ्यावर झालेला, आणि हा माणूस हातपाय झाडत होता. कांदे विकणारी एक मावशी फोडलेला कांदा त्याच्या नाकाशी धरून बसली होती. "मावशी, कांदा नको, त्याला हवा पाहिजे," मी म्हणाले. "मग म्या काय करू?" तिनं रागानंच विचारलं. "गर्दी मागं हटवा." ती उठली आणि तोच कांदा दगडासारखा उगारून तिनं सगळा घोळका मागं रेटला. मी त्याच्या डोक्याखाली ओढणी घातली, झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवलं. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले आणि आपली पिशवी कुठंय, असं विचारलं. रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली, तेव्हा कुठं माझे हात थरथरायला लागले. मावशीनं ते पाहिलं, दुसरा कांदा बुक्कीनं फोडला आणि भाकरीवर ठेवून पुढं केला. "त्याला नाय चालला, तू तरी खा." पोत्यावर बसून मी खाल्लं, आणि हात शांत झाले. हल्ली वर्ग मीच घेते. कांद्यानं कुणी भानावर येत नाही, असं ठासून शिकवते; मी आले होते, तेवढं सांगत नाही.