संत्र्यावरची गळती

समता कॉलनीतल्या आमच्या गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये संत्र्याचं झाड आहे. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नागपूरहून रोप आणलं तेव्हा मी म्हणाले होते, रायपूरच्या उन्हात याचं सरपण होईल. झाडानं माझं ऐकलं नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदाच फळं धरली, हिरवीगार, बोराएवढी. रेल्वेतून रिटायर झालेले बाबा मग दिवसभर त्याच्याच ड्युटीवर.

नेमकी नवतप्यात नागपूरला नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. नवतपा म्हणजे मे अखेरचे असे नऊ दिवस, की गच्चीवर नुसता ठेवलेला पापड भाजून निघावा. बाबांनी बॅग भरायलाच नकार दिला.

"मी नाही येत. फळं गळून जातीन."

"मला सुट्टी नाही, मी इथेच आहे ना!"

"तू झाडाले पाणी देते का आंघोळ घालते, मले समजतच नाही."

माझं डोकं फिरलं. तिकडे लेक फोनवर रडवेली झालेली आणि इकडे बाप ड्रमला चिकटून बसलेला! मी तडक कामाला लागले. हिरवी जाळी बांधली, ड्रमला ओलं पोतं गुंडाळलं, मातीवर अभनपूरहून मागवलेला पैरा, म्हणजे धानाचं तणस, जाड पसरलं. तरी बाबांचं तोंड वाकडंच. मग मला गळती आठवली. आमच्याकडे वैशाखभर महादेवाच्या पिंडीवर बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं टांगतात, त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं. वैशाख सरला होता, भांडं घासूनपुसून फळीवर ठेवलेलं होतं. मी ते झाडावर टांगलं.

"महादेवाले राग नाही येईन?"

"त्यांच्या डोक्यावर अख्खी गंगा आहे, बाबा. त्यांचं भागेल."

बाबा हसले. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याबरोबर गाडीत बसले.

त्या संध्याकाळी ऑफिसातून येऊन पाहते तर ड्रमला कुंकू, बुंध्याशी बेलाची पानं, फांदीला झेंडूची माळ आणि पैऱ्यावर दूध. मुंग्यांची तर दिवाळीच. शेजारची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे. तिथून शेजारच्या दीदी हात जोडून म्हणाल्या, "भगवान बिठाये और हमको बताये तक नहीं!"

गळती दिसली म्हणजे पोत्याआड पिंड असणारच, असं त्यांनी धरलं होतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या हातातली भरलेली बादली दिसली. भर दुपारी मी ऑफिसात, आणि गळती तर तेव्हाच रिकामी होणार.

"दीदी, दूध मत चढ़ाइए," मी म्हटलं. "सिर्फ जल. दोपहर में."

"हव," म्हणत दीदींनी मान डोलावली, आणि नवतपा संपेपर्यंत त्यांनी एक दुपार चुकवली नाही.

बाबा परतले ते चपलेसकट गच्चीवर. बाकीची फळं गळाली होती, एकच तगलं होतं. ते त्यांनी बोटानं हळूच चाचपलं. इतक्यात दीदी लोटा घेऊन आल्या आणि डोळे मिटून पाणी घातलं. मला बाबांना हळूच सगळं सांगावंच लागलं.

"त्यायले आधी काहून नाही सांगितलं?" बाबा माझ्यावर खेकसले, आणि दीदींना त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. दीदी मात्र पोट धरून हसल्या. "तो क्या हुआ? प्यासा तो था ना!" असं म्हणून उरलेला लोटाही त्यांनी झाडालाच घातला.

दिवाळीनंतर ते संत्रं पिकलं. ज्याच्यापायी लेकीची वास्तुशांत बुडवायला निघाले होते, ते बाबांनी अख्खं दीदींच्या ओंजळीत ठेवलं. दीदींनी ते आपल्या देवापुढे ठेवलं आणि संध्याकाळी प्रसाद म्हणून फोडी घेऊन आमच्याकडे आल्या. माझ्या वाट्याची फोड इतकी आंबट होती, की एक डोळा आपोआप मिटला.

"कैसा है, बाबूजी?"

"मीठा है," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या फोडीसाठी हात पुढे केला.