डोहातले उपडे हंडे

तुमच्या नळाला ज्या नदीचं पाणी येतं, ती नदी तुम्ही वैशाखात कधी पाहिली आहे?

शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात फोटो काढण्यासारख्या असतात, आणि फोटो काढायला माणसं येतातही. वैशाखात कुणी येत नाही. तेव्हा आमची नदी म्हणजे तापलेल्या काळ्या दगडांची एक लांबलचक वाट असते. पांढरी पडलेली वाळू, पुराने वाकवलेल्या आणि तशाच वाळलेल्या निरगुडीच्या काठ्या, दगडांत दगडासारखीच अंडी घालून किंचाळत फिरणारी टिटवी. शाळेच्या पुस्तकात वाळवंटाचं चित्र पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं होतं. आमच्याकडे उंट नव्हते, एवढाच फरक. हंडे वाहणाऱ्या बाया होत्या.

हे वाळवंट देवाने दिलेलं नाही. आमच्याकडे पाऊस कोसळतो. पण खाली सगळा कातळ, तो पाणी धरून ठेवत नाही. ते काम डोंगरावरचं रान करायचं. रान आधी कोळशाच्या भट्ट्यांत गेलं, मग लाकडाच्या वखारींत, आणि उरलंसुरलं आता फार्महाऊसच्या प्लॉटांत चाललंय. आई लग्न होऊन आली तेव्हा शिमग्यापर्यंत रात्री घरात नदीचा आवाज यायचा. आता पौषात म्हशाच्या जत्रेला निघतो तेव्हाच आम्ही ती कोरड्या पायांनी ओलांडतो. धरणात जे अडतं ते शहराकडे जातं. त्याचा पाइप आमच्या शेताला लागूनच आहे. त्याला कान लावला की पाणी ऐकू येतं. लहानपणी तो आमचा खेळ होता. आता मी कान लावत नाही.

उन्हाळ्यात उरतो तो डोह. पाड्याच्या खाली, वळणावर, उंबराच्या सावलीत. खोऱ्यातल्या वाम, मुऱ्या, झिंगे तिथे दडून उन्हाळा काढतात आणि पावसाला सुरुवात झाली की ओढ्यांतून, भातखाचरांतून वर चढून अंडी घालतात. त्या चढणीला आम्ही वलगण म्हणतो. म्हणजे साऱ्या खोऱ्याच्या मासळीचं बी त्या एवढ्याशा पाण्यात जगत असतं. आणि डोहाच्या काठाने असतात आमचे डवरे, वाळूत उकरलेले हातभर खोल झिरे. पिण्याचं पाणी त्यांतलं. डवऱ्याची जागा सासूकडून सुनेकडे येते. आईचा डवरा उंबराच्या मुळाशी आहे, आमच्या आळीची सगळी घरं वैशाखात त्याच्यावर जगतात.

डवऱ्याचा कायदा एकच. त्याच्या तोंडावर हंडा उपडा ठेवला की नंबर लागला. मग बाई घरी जाऊन भाकऱ्या भाजून आली तरी चालतं. दुसऱ्याचा उपडा हंडा हलवायचा नाही. माझ्या चुलतभावाने आणि मी लहानपणी तो एकदा खेळायला उचलला होता. त्याची आई, म्हणजे माझी मोठी आई, हिने करंजाच्या फोकाने आम्हा दोघांना समान न्याय दिला.

तोच भाऊ, आमचा दादा, गेल्या वर्षी उपसरपंच झाला. माणूस वाईट नाही. बायांची वणवण त्याला दिसते. त्याने ठरवलं, पोकलेन आणायचा आणि डोह खोल करायचा. पाडा खूश झाला. मी भडकले. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडिलांनी जन्मभर मोर्च्यांत पत्रकं वाटली, मी अक्षरं त्यांवरच गिरवली. तेव्हा मीही एक पत्रक लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं.

“डोह ही खोऱ्याची गर्भपिशवी आहे,” मी सुरुवात केली.

आई भांडी घासत होती. “हे दादाला कळंल?”

“का नाही कळणार?”

“मला नाय कळलं, म्हणून इचारलं गो.”

दुसऱ्या दिवशी त्या पत्रकात सुके बोंबील बांधून ती मोठ्या आईकडे गेली. मीही मागोमाग गेले. मोठ्या आईची मुलगी नदीच्या वरच्या अंगाच्या गावात दिलेली आहे. ती नुकतीच माहेरी येऊन गेली होती.

“त्यांचा डोह असाच मशीननं खोल केला,” मोठी आई म्हणाली. “पावसात भरला, तर बघायला ही गर्दी! आनि शिमग्याला तळ उघडा. पानी कुठं पळालं, कोनाला ठाव.”

आम्ही तिघी जाऊन पाहून आलो. पोकलेनने गाळ काढला होता आणि गाळाखालचा चिकणमातीचा थरही. त्याच थराने पाणी तोललेलं होतं. खाली भेगाळलेला कातळ, त्यावर वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे, एका खळग्यात वामीचा काटा. काठावर डवऱ्यांचे खड्डे, आत पालापाचोळा. आई बराच वेळ त्या खड्ड्यांकडे पाहत राहिली.

घरी आल्यावर मोठ्या आईने लेकाला सांगून पाहिलं. “ठराव झालाय, आये,” एवढंच तो म्हणाला.

मशीन आलं त्या सकाळी डोहावर एकही बाई नव्हती. नुसते हंडे होते. प्रत्येक डवऱ्यावर एक, उपडा. पितळी, स्टीलचे, एक तर प्लास्टिकचा निळा. बाया वर करंजाखाली बसल्या होत्या, जणू लग्नाला आल्यात.

“हंडे उचला गो, टाइम जातोय!” दादा खालून ओरडला.

“उचल ना,” मोठी आई म्हणाली. “तो पयला तुज्या आयशीचाच हाय.”

मशीनवाला परमुलखातला. तो खाली उतरला. “भाऊ, मी करतो बाजूला. भांडीच तर आहेत.”

“नको, नको रे! हात नको लावू!” दादा एवढ्या जोरात ओरडला की टिटवी उडाली. मग स्वतःच वरमला.

“फोक आठवला का रे?” माझ्या आईने वरून विचारलं. बाया फिदीफिदी हसल्या.

दादा दगडावर बसला. “काकी, तुमचीच पायपीट वाचावी म्हणून आनलं ना मशीन?”

“मंग वाचव की. गाळ काढायलाच पायजे, तळ नाय फोडायचा. घे टोपली.”

त्याने घेतली. त्या आठवड्यात पाड्याने फावडं-टोपलीने वरवरचा गाळ काढला, चिकणमाती लागली की थांबायचं, असं ठरवून. मशीन स्मशानाचा रस्ता सपाट करून परत गेलं.

या वैशाखात आईच्या डवऱ्याला पाणी आहे. भरपूर नाही, एक हंडा भरायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो आणि हंडे अजून डोक्यावरच आहेत. मी याला विजय म्हणत नाही. दादा थांबला, कारण त्याच्या आईचा हंडा तिथे होता. उद्याच्या माणसाची आई नळाचं पाणी पिणारी असेल. त्याला तो हंडा म्हणजे नुसतं भांडंच दिसेल.

म्हणून एक मागते. खोलीकरणाचा विषय तुमच्या गावाकडच्या ग्रामसभेत येईल तेव्हा हात वर करायच्या आधी उठून उभे राहा. सभा डोहावर घ्यायला लावा, वैशाखात, बाया पाणी भरतात त्या वेळी. आणि कुठला डवरा कुणाचा ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय ठरावावर सही करू नका.